रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर पळणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये कोणतं इंजिन ऑइल घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरची टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनची स्पोर्ट्स कार. रोज दहा-बारा किलोमीटर कामावर जायला तीच, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा टाइम अटॅकसाठी, म्हणजे घड्याळाविरुद्ध लॅप मारायला, ट्रॅकवर न्यायलाही तीच. तिथे वीस-वीस मिनिटांची सत्रं. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० सांगतं (मागचा आकडा तापलेल्या तेलाची ग्रेड, जितका मोठा तितकं तेल घट्ट). एक मित्र म्हणतो १०डब्ल्यू-६० घाल, दुसरा म्हणतो एस्टर या कृत्रिम तेलापासून बनवलेलं अस्सल रेसिंग ऑइल घाल, तिसरा म्हणतो मॅन्युअलच्या बाहेर पाऊल टाकू नकोस. यातलं कुणाचं ऐकायचं?

आधी उत्तर, मग कारणं. अशा गाडीत मी ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० घालीन. एखाद्या मोठ्या कार कंपनीचं लेखी अप्रूव्हल असलेलं, एचटीएचएस (प्रचंड उष्णता आणि ताणात तेल किती घट्ट राहतं तो आकडा, पुढे सांगतो) ३.५ किंवा त्याहून जास्त असलेलं. ट्रॅकला जायच्या आधी ते ताजं असेल असं बघीन, आणि मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर यायच्या आतच बदलून टाकीन. १०डब्ल्यू-६० नको, रेसिंग ऑइलही नको. आणि या सगळ्याच्या आधी गाडीत ऑइलचं तापमान आकड्यात दाखवणारं गेज हवं. डॅशबोर्डवर पाण्याचा काटा मधोमध उभा आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजणाऱ्यांची इंजिनं माझ्याकडे बऱ्यापैकी नियमित उघडायला येतात. पाणी ९५ अंशांवर स्थिर असताना ऑइल १३५ वर गेलेलं असू शकतं, आणि तो काटा तुम्हाला त्यातलं काहीच सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत तर तो मुद्दामच मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो.

तापमानावर एवढा जोर का, ते आकड्यांतच बघा. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंश सेल्सिअसला साडेदहा सेंटिस्टोकच्या (तेलाच्या घट्टपणाचं एकक) आसपास असतं. तेच १३० अंशांना सहावर येतं. साधारण ०डब्ल्यू-४० शंभराला साडेतेरा असतं, १३० ला पावणेआठ. ५० ग्रेडचं एखादं ऑइल शंभराला अठरा असलं, तरी १३० ला दहाच्या आतच. म्हणजे १३० अंशांवरचं ५० ग्रेडचं ऑइल आणि १०० अंशांवरचं ३० ग्रेडचं ऑइल यांच्या घट्टपणात फारसा फरक उरत नाही. बेअरिंगला डब्यावरचा आकडा कळत नाही. त्या क्षणी, त्या तापमानाला समोर आलेलं तेल किती घट्ट आहे, एवढंच त्याला कळतं. मॅन्युअलमधलं ५डब्ल्यू-३० हे शंभर अंशांच्या आसपास चालणाऱ्या इंजिनासाठी दिलेलं उत्तर आहे. ट्रॅकवर प्रश्नच बदलतो, मग उत्तर तेच कसं राहील?

तरी तुमच्या तिसऱ्या मित्राला मी मोडीत काढणार नाही. मॅन्युअल वाचायचंच, फक्त ते पूर्ण वाचायचं. पुष्कळ स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅकवरच्या वापरासाठी वेगळी ओळ असते, आणि ती तेलाच्या तक्त्यात नसून भलत्याच पानावर असते. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मॅन्युअलमध्ये कित्येक वर्षं रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० असा सल्ला होता. फोर्डचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही-८ ला ५डब्ल्यू-२०, आणि त्याच घराण्यातलं इंजिन घेऊन २०१२ साली ट्रॅकसाठी आलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. इंजिन बनवणाऱ्यांना दोन्ही गोष्टी माहीत असतात. रस्त्यावरच्या गाडीला पातळ तेल सांगण्यामागे इंधन बचतीचे नियम मोठं कारण असतात. त्यात काही लबाडी नाही. रस्त्यावर ते तेल पुरतंच. पण ट्रॅकवरही ते पुरेल, असं कंपनीनं कुठे लिहिलेलं नसेल तर तुम्ही ते गृहीत धरू नका.

आता एचटीएचएस. तेल निवडताना मी पहिल्यांदा बघतो तो हा आकडा, आणि तो डब्यावर जवळजवळ कधीच छापलेला नसतो. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात शोधावा लागतो. १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख इतका प्रचंड शिअर रेट (तेलाचे थर एकमेकांवरून घसरायचा वेग), या स्थितीत तेल किती घट्ट राहतं ते तो सांगतो, आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये तेलाची अवस्था साधारण तशीच असते. नेहमीची व्हिस्कोसिटी, म्हणजे घट्टपणा, तेल नळीतून निवांत ओघळू देऊन मोजतात. मल्टिग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारख्या दोन आकड्यांच्या तेलात घट्टपणा टिकवायला पॉलिमर घातलेले असतात. बेअरिंगच्या फटीत त्यांचे लांब रेणू ताणून आडवे होतात आणि तेल तेवढ्यापुरतं पातळ पडतं. निवांत मोजणीत हे दिसत नाही, एचटीएचएसमध्ये दिसतं.

तेलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकाप्रमाणे ३० ग्रेडला एचटीएचएस किमान २.९ लागतो, ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५, आणि ५० ला ३.७. एकक मिलिपास्कल-सेकंद. यात एक पळवाट आहे आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. ३० ग्रेडची सगळी तेलं सारखी नसतात. एसीईए या युरोपातल्या कार कंपन्यांच्या संघटनेच्या वर्गवारीतलं ए५/बी५ किंवा सी२ चं ५डब्ल्यू-३० हे २.९ ते ३.५ च्या दरम्यान असतं, पण सी३ चं ५डब्ल्यू-३० हे ३.५ च्या वर असावंच लागतं. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० हेच लिहिलेलं. गाडी वॉरंटीत असेल आणि ३० सोडायचं नसेल, तर निदान सी३ चं घ्या. ट्रॅकवर सुरुवात करणाऱ्याला, जो अजून गाडी पुरती दाबत नाही, त्याला तेवढं पुरूनही जातं.

डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावरून लोक उगाच भांडतात. तो फक्त थंड इंजिन फिरवताना तेल किती अडतं ते सांगतो. ०डब्ल्यूची ती चाचणी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूची उणे ३० ला होते. तापल्यावर ०डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-४० पेक्षा पातळ असतं, हा निव्वळ गैरसमज आहे. दोन्ही शंभर अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या पट्ट्यातच बसतात.

पहिल्या मित्राकडे वळू. १०डब्ल्यू-६० ची कीर्ती आली ती मुख्यतः बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमुळे. एस५४, एस६५, एस८५ या आठ हजार आरपीएमपर्यंत आणि त्याच्याही वर जाणाऱ्या इंजिनांना कंपनीनंच ते तेल सांगितलं होतं. तिथे ते योग्य. म्हणून ते उचलून कोणत्याही वेगवान गाडीत ओतायचं, यात तर्क कुठे आहे? तुमच्या इंजिनाची फट, ऑइल पंप, कॅम फेजरची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारा भाग) बारीक भोकं, टर्बोला जाणारी पाइप, सगळं ३०-४० ग्रेड डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं असतं. सकाळी थंड इंजिनात ६० ग्रेड ढकलताना पंपावर दाब इतका चढतो की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा मोठा वाटा बेअरिंगकडे न जाता मागच्या मागे परत जातो. गेजवर मात्र दाब झकास दिसतो, आणि मालक खूश.

हा दाबाचा गोंधळ जरा सोडवून सांगतो. दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पंप ठरावीक तेल ढकलतो, वाटेत जितका अडथळा जास्त तितका दाब जास्त. तेल घट्ट केलं की दाब वाढणारच, पण त्यावरून बेअरिंगला जास्त तेल मिळतंय असं ठरत नाही. शिवाय बेअरिंगमध्ये घट्ट तेल घुसळलं जाताना स्वतःच जास्त तापतं. ६० घालून तापमान उतरेल अशी आशा असेल तर सोडून द्या, उलट चार-पाच अंश वर गेलेलंच बघायला मिळतं. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना ठोकताळा तापलेल्या इंजिनाला लावून बघा. ४० ग्रेडच्या तेलात तेवढा दाब टिकत असेल, तर आणखी घट्ट तेलानं तुम्हाला काही मिळणार नाही.

दुसऱ्या मित्राचं रेसिंग ऑइल. तेल म्हणून त्यात खोट नाही. एस्टरचं बेस ऑइल (ज्यात बाकीची रसायनं मिसळतात ते मूळ तेल) धातूला चांगलं चिकटतं, उष्णता सोसतं, झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं झेडडीडीपी भरपूर असतं. पण ते बनवलंय एका शर्यतीसाठी किंवा एका वीकएंडसाठी, मग काढून टाकायला. म्हणून त्यात डिटर्जंट बेताचे, आम्ल शोषायची ताकद बेताची. रोज दहा किलोमीटर जाऊन थंड होणाऱ्या इंजिनात पाणी आणि आम्लं साचतात, ती पचवायचं काम याच डिटर्जंटचं. शिवाय फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतो. एपीआय आणि इल्सॅक या तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांत २० आणि ३० ग्रेडच्या तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तो कन्व्हर्टर वाचवण्यासाठीच. फ्लॅट टॅपेट, म्हणजे रोलरशिवाय थेट घासणारा कॅम असलेल्या जुन्या इंजिनाला जादा झिंक खरोखर लागतं. तुमच्या इंजिनात रोलर आहेत, त्यांना ते लागत नाही. आणि झिंकची बाटली वेगळी आणून चांगल्या तेलात ओतायचा उद्योग तर मुळीच करू नका. तयार तेलातली रसायनं एकमेकांशी जुळवून मोजून घातलेली असतात, एक वाढवलं की दुसऱ्याला जागा उरत नाही.

तुमच्या गाडीला आणखी एक बाब लागू आहे, आणि रेसिंग ऑइलवाले ती हमखास विसरतात: एलएसपीआय, म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशन. छोटं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, कमी आरपीएम आणि त्यावर अचानक पूर्ण लोड. अशा वेळी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एका दणक्यात पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधली कड) तुटू शकते. हे ट्रॅकवर सात हजारावर होत नाही. हे होतं रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर ओव्हरटेक करताना. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा त्यात हात असतो असं आढळल्यावर अनेक तेल कंपन्यांनी त्यातलं काही कॅल्शियम काढून मॅग्नेशियम घातलं. त्यासाठीची चाचणी २०१८ मध्ये एपीआयच्या एसएन प्लस या दर्जात आली आणि २०२० पासून ती एसपीमध्ये आहे. म्हणून तुमच्यासाठी ४० ग्रेड घेताना डब्यावर एपीआय एसपी असेल तर उत्तम. आणि तेल कोणतंही असो, खालच्या आरपीएमवर पाय दाबू नका, गिअर उतरवा.

लोकांना वाटतं, तेल ट्रॅकवर मरतं. तुमच्यासारख्या गाडीत ते रोजच्या दहा किलोमीटरनं अर्धं मेलेलं असतं, ट्रॅकवर फक्त ते कळतं. पाणी सात-आठ मिनिटांत तापतं, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करता तेव्हा ऑइल कदाचित सत्तरच्या घरात असतं. त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला त्याला शंभरच्या आसपास बराच वेळ राहावं लागतं, तो वेळ कधी मिळतच नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थंड इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसतं आणि रिंगांमधून खाली उतरतं. काही टक्के पेट्रोल मिसळलं तरी ४० चं तेल ३० च्या पट्ट्यात येतं, आणि ३० चं २० मध्ये. म्हणजे दोन महिने असं चालवून त्याच तेलावर तुम्ही ट्रॅकवर गेलात, तर डब्यावर लिहिलेल्या ग्रेडवर तुम्ही चालवतच नाही.

याचा एक पुरावा तुम्ही स्वतः बघू शकता. ट्रॅकवर निघताना डिपस्टिक पूर्ण भरलेली असते, किंबहुना रेघेच्या किंचित वरच. दोन सत्रांनंतर ती एकदम खाली येते. मालक घाबरतो, इंजिन तेल खातंय म्हणतो. कधी खातही असतं. पण पुष्कळदा खरं एवढंच असतं, की तेल तापल्यावर त्यातलं पेट्रोल उडून गेलं आणि आधी जी पातळी भरलेली दिसत होती ती पेट्रोलनं फुगवलेली होती. डिपस्टिक नाकाशी धरून वास घ्या. पेट्रोलचा वास सरळ येत असेल तर तेलाचं काय झालंय हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

म्हणून ऑइल चेंज ट्रॅकच्या आधी. बहुतेक जण नंतर करतात, म्हणजे सगळ्यात थकलेल्या तेलावर सगळ्यात जास्त ताण देतात आणि ताजं तेल ऑफिसला जायला वापरतात. दोन्हीकडे बदलायची तयारी असेल तर उत्तमच, पण एकदाच बदलणार असाल तर आधी बदला, गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालवून कुठे गळत नाही ना बघा, आणि मग जा. नंतर बदलायचं की नाही, ते गेजनं ठरवायचं. दर दहा अंशांना तेल जळायचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम इथे चांगला लागू पडतो. दिवसभरात ऑइल १२० च्या वर गेलंच नसेल, तर पुढच्या ट्रॅक डेच्या आधीच्या बदलापर्यंत तेच तेल चालवायला हरकत नाही. १३० च्या वर पुन्हा पुन्हा गेलं असेल तर घरी आल्यावर काढा. काळं झालं की खराब आणि सोनेरी म्हणजे चांगलं, हे मात्र विसरा. डिटर्जंट काम करत असतील तर तेल काळं होतंच.

माझ्या मर्यादा अशा आहेत: ९० ते १२० सुखाचा पट्टा. १३० पर्यंत चांगल्या ४० ग्रेडवर चालवा. १३५ दिसलं की ती लॅप सोडून द्या, वरच्या गिअरमध्ये एक-दोन लॅप गाडीला वारा खाऊ द्या. १४० वर वारंवार जात असेल तर तो तेलाच्या ग्रेडचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे ऑइल कूलर लागतो. ग्रेड वाढवत नेणं म्हणजे ताप उतरवायचा सोडून जाड पांघरूण घालण्यासारखं आहे. कूलर घेताना थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. थर्मोस्टॅट नसेल तर रोजच्या वापरात तेल सत्तरच्याही खाली राहील, आणि वर पेट्रोल-पाण्याचं जे सांगितलं ते दुप्पट होईल. तापमान चांगल्या कूलरनं १२० च्या आत ठेवलं, तर तुम्ही ४० वरून पुन्हा सी३ च्या ३० वर यायचा विचारही करू शकता. हे ऐकून लोक दचकतात, पण वरचेच आकडे पुढे नेऊन बघा: १३० वरचं ४० आणि १२० वरचं ३० यांच्यात एका सेंटिस्टोकचाही फरक नाही.

सगळ्यात उत्तम तेलही पिकअपपर्यंत, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीपर्यंत, पोहोचलं नाही तर शून्य. वेट संपच्या, म्हणजे तेल इंजिनाखालच्या तबकातच (संप) साठणाऱ्या गाडीत हा धोका मोठा आहे. चिकट टायर घातले की गाडी लांब वळणात एक जीच्या (गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराच्या) वर बाजूचा जोर सोसते, तेल संपच्या एका भिंतीवर चढतं आणि पिकअप क्षणभर हवा ओढतो. दाबाचं गेज डोळ्यांसमोर असेल तर दिसतं: सरळ रस्त्यावर साडेचार बार, लांब वळणाच्या मध्यावर काटा एकदा झटका खाऊन दोनवर येतो आणि वळण संपताच परत वर. कारखान्यातून आलेला लाल दिवा तोपर्यंत पेटतही नाही, कारण तो अर्ध्या बारच्या आसपास पेटायला लावलेला असतो. मी उघडलेल्या ट्रॅकवरच्या कित्येक इंजिनांत रॉडची एक-दोन बेअरिंग शेल तांबूस दिसेपर्यंत घासलेली, बाकीची जवळजवळ नवी, आणि तेल मात्र महागडं. तिथे तेल बदलून काही होणार नव्हतं. बॅफल (तेल अडवणारे पडदे) असलेला संप हवा होता, किंवा ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल राखून ठेवणारी टाकी).

तुम्हाला आज करता येण्यासारखं म्हणजे पातळी वरच्या रेघेवर ठेवा, आणि प्रत्येक सत्रानंतर बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दर वेळी तेवढीच मिनिटं थांबून. काही इंजिनांत ट्रॅकसाठी पाव-अर्धा लिटर जास्त घालतात. तुमच्या इंजिनाच्या बाबतीत ते चालतं याची खात्री असल्याशिवाय करू नका. क्रँक तेलात बुडाला तर फेस होतो, आणि फेसाळलेल्या तेलाची फिल्म धरत नाही.

डब्यावरचं वाचायचं कसं, ते थोडक्यात. ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवर भाळू नका. मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध केलेल्या तक्रारीवर अमेरिकेतल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजननं १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला, तेव्हापासून खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून मिळणारं ग्रुप ३ चं बेस ऑइलही तिथे सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नाही, आजचं ग्रुप ३ खूप चांगलं आहे. पण त्या शब्दावरून पीएओ (रसायनांपासून घडवलेलं बेस ऑइल) आणि एस्टर किती आहे ते कळत नाही. अप्रूव्हलवरून बरंच कळतं. पोर्शे ए४०, मर्सिडीज २२९.५, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१, यातलं काहीही असेल तर एचटीएचएस ३.५ च्या वर आहे आणि कुणीतरी ते तेल खऱ्या इंजिनात झिजवून पाहिलंय, एवढं नक्की. ‘अप्रूव्हड’ आणि ‘या गाड्यांसाठी योग्य’ यात मात्र फरक आहे. दुसरं वाक्य तेल विकणाऱ्याचं स्वतःचं मत असतं. तुमच्या गाडीला पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर राख कमी असलेलं सी३ च घ्यावं लागेल. एसीईएच्याच ए३/बी४ वर्गाच्या तेलातली राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते, आणि ती जळून जात नाही.

जमलं तर नोआकचा आकडाही बघा. तेल २५० अंशांवर तासभर ठेवल्यावर किती टक्के उडून जातं ते तो सांगतो. एपीआय एसपी १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, एसीईए ए३/बी४ आणि सी३ ची मर्यादा १३ आहे, आणि चांगली ०डब्ल्यू-४० तेलं १० च्या आसपास असतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडतच नाही, त्यामुळे उडालेलं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेककडे परत नेणारी नळी) तिथे जाऊन काजळी धरतं.

ब्रँडबद्दल विचाराल तर मला खरंच फरक पडत नाही. वरच्या अटी पाळणारं, तुम्हाला सहज आणि खात्रीनं अस्सल मिळणारं कोणतंही. नकली डब्यापुढे सगळ्या अप्रूव्हलची किंमत शून्य.

आता एक सवय लावून घ्या, ऑइल फिल्टर उघडून बघायची. काढलेला फिल्टर टाकून देऊ नका. पत्र्याचा डबा असेल तर फिल्टर कटरनं कापा, हॅकसॉ वापरू नका, नाहीतर करवतीचाच कीस आत पडेल आणि तुमची झोप उडेल. आतला कागद काढून त्याचा पंख्यासारखा पट्टा कापून घ्या, दोन फडक्यांत धरून व्हाइसमध्ये हळू दाबा म्हणजे तेल निघून जाईल, मग उन्हात किंवा टॉर्चखाली उलगडा. थोडी काजळी, सीलंटचा एखादा धागा, दोन-चार बारीक चमकते कण, हे चालतं. घडीघडीत सोनेरी-तांबूस चमक पसरलेली दिसली तर बेअरिंगकडे बघायची वेळ आली आहे. लोहचुंबक फिरवा: चिकटलं तर लोखंड, म्हणजे कॅम, चेन किंवा सिलिंडर. न चिकटणारे पांढुरके पापुद्रे अ‍ॅल्युमिनियमचे, पिस्टन किंवा नव्या पद्धतीच्या बेअरिंगचे.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणंही चांगलं, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. त्यांच्या स्पेक्ट्रोमीटरला काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंग हळूहळू झिजत असेल तर ते रिपोर्टमध्ये दिसतं, पापुद्रे सुटत असतील तर फिल्टरमध्ये. एका रिपोर्टवरून काही ठरवू नका. तेच तेल, तीच गाडी, तीन-चार रिपोर्ट एकाखाली एक ठेवल्यावर कळायला लागतं. तुमच्या बाबतीत मी लोखंड आणि तांब्याच्या आधी पेट्रोलची टक्केवारी आणि शंभर अंशांची व्हिस्कोसिटी बघीन. नवं असताना साडेतेरा असलेलं तेल अकरावर आलं असेल, तर बदलायचं अंतर आणखी कमी करा. ५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-६० सारख्या रुंद पल्ल्याच्या तेलांत पॉलिमर जास्त असतात, ते गिअर आणि चेनमध्ये चिरडून कायमचे तुटतात, त्यामुळे ही घसरण तिथे आणखी लवकर दिसते. ६० विकत घेऊन ५० वर चालवायचं, असा तो प्रकार.

चालवण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. ऑइल ८० च्या वर जाईपर्यंत चार हजाराच्या पुढे जाऊ नका, पाण्याचा काटा काहीही म्हणो. बीएमडब्ल्यूनं ई४६ एम३ च्या टॅकोमीटरवर ऑइल तापत जाईल तसे एकेक विझणारे दिवे दिले होते ते उगाच नाही. आणि सत्र संपल्यावर शेवटची लॅप बूस्टशिवाय, म्हणजे टर्बोवर जोर न देता. पिटमध्ये येऊन लगेच इंजिन बंद केलं तर टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जागच्या जागी भाजून कोळसा होतं.

वॉरंटीचं म्हणाल, तर मॅन्युअलमध्ये ४० ग्रेड पर्याय म्हणून दिला आहे का ते आधी बघा. टर्बो गाड्यांत पुष्कळदा असतो, जास्त तापमानाच्या तक्त्यात. नसेल तर डीलरकडून लेखी घ्या, किंवा वॉरंटी संपेपर्यंत सी३ च्या ५डब्ल्यू-३० वर राहून तापमान १२० च्या आत ठेवा. बिलं आणि डब्याचे बॅच नंबर जपून ठेवा.

ट्रॅकवर जाताना त्याच तेलाचा एक सीलबंद लिटर डिकीत असू द्या. तिथे पातळी उतरली आणि जवळ तेच तेल नसेल, तर दुसऱ्या कंपनीचं त्याच दर्जाचं घालून दिवस निभावता येतो. एपीआयच्या तेलांना एकमेकांत मिसळता येणं सक्तीचं असतं. पण त्या मिश्रणाचा एचटीएचएस कुणीच मोजलेला नसतो, म्हणून परतल्यावर ते काढून टाका, आणि कमी तेलावर शेवटचं एक सत्र मारून घेऊ असं मात्र कधी करू नका.